नाट्यवाचनाला गुण द्यायचे कसे? सहावी ते आठवीच्या वर्गासाठी

सहावी-सातवीच्या वर्गात नाट्यवाचन झालं की गुणतक्त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट उमटते, ती म्हणजे आवाज कुणाचा मोठा होता. स्नेहसंमेलनात माइक धरणाऱ्या पोराला वीसपैकी अठरा, खिडकीजवळच्या गप्प पोरीला अकरा, आणि वर्णनात्मक नोंदीत दोघांनाही 'वाचन चांगले'. 'अकराच का?' असं पोरीच्या आईनं विचारलं तर सांगायला हातात काही नसतं.

उपाय कागदावरचाच आहे आणि साधा आहे. संहितेच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा, आणि दिलेला किंवा कापलेला प्रत्येक गुण कुठल्या तरी ओळीच्या क्रमांकाला बांधायचा. पुढची सगळी पद्धत याच एका खुंटीला टांगलेली आहे.

आधी एक घोळ मिटवू. नाट्यवाचनात कागद हातात असतो. पाठांतर नको, वेशभूषा नको, मंचावर फिरणं नको. आवाज, थांबणं, गती आणि समोरच्याचं ऐकून बोलणं एवढ्यावर प्रसंग उभा करायचा असतो. नाट्यप्रवेश वेगळा, वक्तृत्व वेगळं, नेहमीचं प्रकट वाचनही वेगळं. कुणी घरून फेटा आणि काठी आणली तर कौतुक करावं, पण फेट्याला गुण शून्य. हे वर्गाला आधीच सांगितलेलं असावं, म्हणजे ज्यांच्या घरी फेटा नाही त्यांची रात्र खराब होत नाही.

कधी घ्यायचं

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या बऱ्याच शाळांत या प्रश्नाचं उत्तर ऊस ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीला जाणारी कुटुंबं निघाली की पट अर्धा होतो, आणि ती परततात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. म्हणून पहिलं नाट्यवाचन ऑगस्ट ते सप्टेंबरमध्येच उरकावं. दुसऱ्या सत्रात पुन्हा घेता आलं तर उत्तम, पण गावात राहिलेल्यांचं दोनदा आणि गेलेल्यांचं एकदाही नाही, असं होऊ देऊ नये.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, त्यामुळे तोच विषय घेण्याचा मोह होतो. विषय चांगलाच आहे. मात्र रझाकाराची किंवा निजामाच्या अधिकाऱ्याची भूमिका मुलाचं नाव, जात, धर्म पाहून कधीही देऊ नये. चिठ्ठ्या टाकाव्यात. तेरा वर्षांच्या पोराला वर्गानं एकदा 'रझाकार' म्हणून हाक मारली की ते वर्षभर पुसलं जात नाही. शिवाय बिचकलेला मुलगा भूमिका दबकत वाचतो आणि ते दबकणं आपण समज कमी म्हणून कापतो.

संहिता

चार मुलांच्या गटाला ३५० ते ४०० शब्दांची संहिता पुरते. थांबे धरून ती साधारण चार मिनिटांत संपते. प्रत्येकाच्या वाट्याला किमान आठ संवाद किंवा सत्तर-ऐंशी शब्द यायलाच हवेत. 'जी महाराज' एवढंच म्हणणाऱ्या शिपायाला कशावर गुण देणार? निवेदक ही भूमिकाच आहे. तिथे सर्वांत अडखळणारा मुलगा बसवायची पद्धत सोडा, कारण निवेदन बहुधा प्रमाणभाषेत आणि लांब वाक्यांत असतं, म्हणजे तेच सर्वांत अवघड.

निवडताना शोधायचं ते असं वाक्य, जे शब्दांत एक आणि मनात दुसरं सांगतं. असं एकही वाक्य नसलेली संहिता मूल्यमापनाला निरुपयोगी. 'झाडे लावा' छापाच्या संवादांत सगळी पात्रं मनातलं सगळं बोलून टाकतात, त्यामुळे समजून वाचलं काय आणि नुसतं मोठ्यानं वाचलं काय, दोन्ही सारखंच ऐकू येतं.

एकनाथांची भारुडं पैठणपासून नांदेडपर्यंत पोरांच्या कानावर असतात आणि त्यांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी पात्रंही तयार मिळतात. अडचण चालीची. पोरगं चाल धरतं आणि चालीमागे अडखळणं, न समजणं, सगळं लपून जातं. भारूड घेणार असाल तर आधी ते बिनचालीचं, बोलून वाचायला लावा आणि गुण त्याचेच द्या. चाल नंतर सगळ्यांनी मिळून.

आणखी एक परीक्षा. ज्या मुलाला जो भाग देणार, तो त्याच्याकडून एकदा एकट्यानं वाचून घ्या. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी तो अडत असेल तर भाग त्याला जड आहे. सगळा जीव अक्षरं जोडण्यात गेला की भावनेला उरत नाही. भाग बदला. उतारा चुकीचा निवडून मुलाचे गुण कापणं बरोबर नाही.

कागद

प्रत्येक मुलाला स्वतंत्र प्रत. एका कागदावर दोन डोकी वाकली की दोघांचाही आवाज जमिनीकडे जातो. अक्षर मोठं असावं, छापील असेल तर १६ आकाराचं, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे दोन बोटं मोकळी जागा. प्रत्येक संवादाला डावीकडे क्रमांक. संवाद पानाच्या शेवटी तुटू देऊ नका, नाहीतर ऐन भरात पान उलटण्याचा आवाज येतो आणि वाक्याचे दोन तुकडे होतात.

जुन्या वहीचा पुठ्ठा मागे चिकटवला की कागद थरथरत नाही. ही बाब छोटी वाटते, पण थरथरणारा कागद मुलाला स्वतःलाच दिसतो आणि भीती दुप्पट होते.

खुणा चार पुरेत: छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन, जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ, आणि आवाज खाली न्यायचा तिथे खाली बाण. खुणा मुलांनीच करायच्या. शिक्षकांनी करून दिल्या तर मूल्यमापन शिक्षकांचं होतं.

सराव किती

पाच तासिका, त्याहून जास्त नको. पहिल्या दिवशी मूकवाचन आणि 'या प्रसंगात कुणाला काय हवंय' एवढीच चर्चा. दुसऱ्या दिवशी खुणा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी गटात वाचन. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका गटासमोर. शिक्षकांनी आदर्श वाचन करून दाखवू नये, निदान याच उताऱ्याचं तरी नको. मुलं कमालीच्या अचूकतेनं नक्कल करतात आणि मग दहा गटांत एकच आजी ऐकू येते, तीही सरांच्या आवाजातली.

सहाव्या-सातव्या सरावानंतर पाठ होऊ लागतं. पाठ झालेलं मूल कागद धरतं पण पाहत नाही, मग आपण वाचन मोजतोय की स्मरण? शंका आली तर ऐनवेळी एखादी ओळ बदललेली प्रत हातात द्या. वाचणारा नवी ओळ वाचतो, पाठ केलेला जुनीच म्हणतो.

एक उतारा जवळून

पुढचा तुकडा गुण कुठे लपलेले असतात ते दाखवायला खास लिहिला आहे. प्रसंग परभणीच्या बसस्थानकावरचा. नमुना म्हणून छोटा ठेवलाय, प्रत्यक्ष संहिता याच्या सहा-सातपट मोठी लागेल.

१. निवेदक : दुपारचे दोन. स्टँडवर ऊन. बाकावर एक आजी, मांडीवर गाठोडं.
२. आजी : गंगाखेडची गाडी गेली का रे बाबा?
३. कंडक्टर : कवाच गेली. आता चारला हाय.
४. आजी : चारला? (थांबून) बरं.
५. सोनाली : आजी, तुम्ही सकाळपासून इथंच बसलाय ना?
६. आजी : नाही गं माय, आत्ताच आले.
७. कंडक्टर : आत्ताच? मघाच्या गाडीत चढून तुम्हीच उतरलात की मावशी!
८. आजी : उतरले. (गाठोडं चाचपत) पोरगा न्यायला येतो म्हणला होता.
९. सोनाली : मग? आला का?
१०. आजी : येईल की.

आजीला गाडी गेल्याचं माहीत आहे. ती स्वतःच त्यातून उतरली. म्हणजे ओळ २ हा प्रश्नच नाही, वेळ काढणं आहे. पहिल्या वाचनात मुलं ती ओळ हमखास चौकशी खिडकीवर विचारल्यासारखी वाचतात. ज्या मुलीनं ओळ ७ पर्यंत वाचून मागे येऊन ओळ २ बदलली, तिला उतारा समजला. हा बदल ऐकू येतो तो असा: 'गेली का' वर जोर राहत नाही, आवाज चढत नाही, आणि 'बाबा' जरा लांबतं.

ओळ ४ मध्ये बरीच मुलं 'चारला?' मोठ्यानं, डोळे विस्फारून घेतात, कारण पुढे प्रश्नचिन्ह आहे. प्रश्नचिन्ह पाहिलं की आवाज चढवायचा, हे पहिलीपासून पक्कं झालेलं असतं. पण आजीला चारपर्यंत थांबायला मिळतंय, ते तिला हवंच आहे. 'चारला?' हळू, मग दोन मोजेपर्यंत शांतता, मग 'बरं' जवळजवळ श्वासात. हा 'बरं' जमला की या ओळीचे समजेचे गुण पूर्ण द्यावेत.

आणि ओळ ८. 'उतरले' नंतर पूर्णविराम आहे. मुलं तिथे न थांबता पुढच्या वाक्यात घुसतात. कंसातलं 'गाठोडं चाचपत' काही जण मोठ्यानं वाचून टाकतात! ती चूक मुलाची कमी, आपली जास्त. कंस वाचायचे नसतात हे सांगायचं राहून जातं.

ओळ १० रडत वाचली तर गुण कमी करा. आजी रडत नाहीये, ती सोनालीला गप्प करतेय. रडका सूर लावला की ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, शिक्षकांचेही, आणि भरल्या डोळ्यांनी हात सैल सुटतो.

वीस गुणांची वाटणी

अर्थाची समज ६, विराम आणि गती ४, आवाजाची पोच आणि स्पष्टता ४, अचूकता व उच्चार ३, साथीदाराला प्रतिसाद ३. वाटणी बदलायला हरकत नाही, पण समज सर्वांत वर असावी आणि पोच तिच्या पुढे जाऊ नये.

समजेचे सहा गुण असे मोजा. संहितेत शब्दांपलीकडचा अर्थ असलेल्या ओळी आधीच निवडून ठेवा, प्रत्येक भूमिकेला तीन. वर आजीच्या २, ४, १०. प्रत्येकी दोन गुण: अर्थ ऐकू आला तर दोन, प्रयत्न जाणवला पण चुकीच्या भावनेवर गेला तर एक, सपाट गेला तर शून्य. चुकीची भावना आणि सपाटपणा एकत्र मोजू नका. चुकीच्या भावनेमागे निदान विचार असतो. कधी आपल्याला न सुचलेला अर्थ मुलगी काढते. ओळ १० चिडून वाचली तर? वाचन झाल्यावर विचारा, 'आजी का चिडली?' उत्तर उताऱ्यात बसत असेल तर पूर्ण गुण.

विराम आणि गतीत दोन दोष ठरलेले. एक, वाक्याच्या शेवटी न थांबता दुसऱ्याच्या संवादावर चढणं. दोन, सगळ्या वाक्यांना एकच हेल, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर. हा हेल भाषणांतून येतो. पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर, सव्वीस जानेवारीला पाठ केलेल्या भाषणांचा सूर पोरांच्या अंगात मुरलेला असतो आणि आजीसुद्धा 'सन्माननीय व्यासपीठ' म्हटल्यासारखी बोलते. नुसतं 'हेल काढू नको' म्हणून तो जात नाही. तीच ओळ शेजारच्या मुलाच्या कानात सांगायला लावा. कानात सांगताना हेल निघतच नाही. मग तोच सूर ठेवून आवाज वाढवा.

पोच मोजायची तर शेवटच्या बाकावर बसा. खुर्चीतून, दोन हातांवरून सगळ्यांचंच ऐकू येतं. शेवटच्या बाकावर प्रत्येक शब्द कळला तर चार, एखाददुसरा निसटला तर तीन, वाक्यं निसटू लागली तर दोन. मोठा आवाज म्हणजे पोच नाही. ओरडणाऱ्याची शेवटची अक्षरं फुटतात, 'गाठोडं'चं 'गाठो' एवढंच पोचतं. पंखा बंद ठेवा. पत्र्याचं छप्पर असेल आणि पाऊस सुरू झाला तर थांबा. त्या गटाला दुसऱ्या दिवशी पहिला नंबर द्या. पावसाच्या आवाजात दिलेले गुण कुणाच्याच कामाचे नसतात.

अचूकतेसाठी आपल्या प्रतीवर खुणा करा. सुटलेल्या शब्दाभोवती गोल, बदललेल्या शब्दावर म्हटलेला शब्द, स्वतःहून सुधारलं तर 'स्व'. 'स्व'चे गुण कापायचे नाहीत. उलट जो चुकून मागे येतो तो अर्थाकडे लक्ष ठेवून आहे. 'आत्ताच आले'चं 'आताच आले' झालं तर सोडून द्या. 'आलेच नाही' झालं तर कापा.

साथीदाराला प्रतिसाद म्हणजे आपला संवाद नसताना मूल काय करतं. बोट ठेवून पुढच्या ओळीची वाट पाहतं, की समोरच्याचं ऐकतं? कंडक्टरची ओळ ७ ठसक्यात आली तर आजीची ओळ ८ वेगळी यायला हवी, मऊ आली तर वेगळी. दोन्ही वेळा ती सारखीच आली तर प्रतिसादाचा एकच गुण.

बोली, घरची भाषा आणि 'शुद्ध' उच्चार

मराठवाड्यातल्या वर्गात इथेच सर्वांत जास्त अन्याय होतो. 'कवाच', 'हाय', 'म्हणला' हे संहितेतच आहे, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. प्रश्न येतो निवेदक 'आणि'ऐवजी 'आनि' म्हणतो तेव्हा. नियम एकच ठेवा. उच्चारानं अर्थ बदलला तर गुण कापा, नुसता लहेजा असेल तर नोंद करा आणि गुणाला हात लावू नका. 'पाणी'चं 'पानी' झाल्यानं कुणाचा गैरसमज होत नाही. 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल', 'मूळ' आणि 'मूल' यांत मात्र वाक्य दुसरीकडे जातं.

घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांना ळ आणि ण जड जातात. कुठलीही दुसरी घरभाषा असलेल्या मुलांचा च आणि ज यांच्या दोन उच्चारांत गोंधळ होऊ शकतो. 'या जगात नीट जगायचं' एवढं वाक्य म्हणून घ्या, दोन 'ज' वेगळे येतात की नाही लगेच कळतं. देगलूर, धर्माबादकडे तेलुगू, उमरगा, उदगीरकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी ही बंजारा बोली. मुलाची घरची भाषा कोणती हे गुणपत्रकाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा. एकच उच्चार तीन-चार ठिकाणी सारखाच बदलत असेल तर ती भाषेची सवय. एकाच ठिकाणी चुकला तर घाई. कापायचंच झालं तर घाईचं कापा.

सोनालीची भूमिका करणाऱ्या तांड्यावरच्या मुलीनं ओळ ५ तिच्या लयीत म्हटली तर ती सोनाली तांड्यावरची झाली, बिघडलं काय? प्रमाणभाषेचा आग्रह निवेदकापुरता ठेवा, तोही सौम्य.

त्या दिवशीचा क्रम

चाळीसच्या पटाचे दहा गट. वाचन चार मिनिटं, नोंदी दोन मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासिकेत पाच गट होतात. दोन दिवस धरा. एका दिवसात दहा गट उरकले की शेवटच्या तीन गटांना थकलेल्या कानाचे गुण मिळतात.

क्रम चिठ्ठ्यांनी. गट उभा राहिल्यावर दहा सेकंद काहीही बोलू नका, त्यांना श्वास घेऊ द्या. वाचनाच्या पहिल्या अर्ध्यात आपली प्रत उलटी ठेवून नुसतं ऐका. प्रत समोर असली की न ऐकलेला शब्दही डोळ्यांना दिसतो आणि आपण ऐकला असं समजतो. या अर्ध्यात पोच आणि प्रतिसाद लिहा. दुसऱ्या अर्ध्यात प्रत उघडा, समज आणि विराम पाहा. अचूकता ध्वनिमुद्रणावरून नंतर.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल चालतो. विमान स्थितीत (एअरप्लेन मोडवर) टाका, नाहीतर नेमका ओळ ४ च्या शांततेत फोन वाजेल. वाचणाऱ्यांपासून चार-पाच फुटांवर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा. नुसत्या बाकावर ठेवला तर बाकाला लागलेला प्रत्येक गुडघा ढोलासारखा ऐकू येतो. आधी दहा सेकंद मुद्रण करून ऐकून पाहा. मुद्रण पालकांना सांगूनच करा, व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, आणि गुण पक्के झाले की काढून टाका.

पहिल्या तीन गटांचे गुण पेन्सिलनं लिहा. पहिल्या गटाला तुलना करायला मागे कुणी नसतं, त्यामुळे गुण बहुधा आखडतात. तिसरा गट झाल्यावर मागे जाऊन पुन्हा पाहा आणि मग पेन घ्या. फार उत्तम गटाच्या पाठोपाठ आलेल्या गटाचंही असंच होतं. तिथे एक मिनिट वर्गाला पाणी प्यायला सोडा, कान कोरा होतो.

दोन शिक्षक असतील तर लांब बसा आणि एकमेकांचे कागद पाहू नका. वीसपैकी तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढू नका. सरासरीनं वाद मिटतो पण चूक तशीच राहते. कोणत्या ओळीवर फरक पडला ते शोधा आणि तेवढीच ओळ मुद्रणावर पुन्हा ऐका.

काही मुलं वेगळी मोजावी लागतात

बारा ते चौदा वयात मुलांचा आवाज फुटतो. मध्येच चिरकतो, वर्ग हसतो. त्या चिरकण्याचे गुण कापायचे नाहीत, आणि 'मोठ्यानं' असंही ओरडायचं नाही. त्याला खालच्या पट्टीत, सावकाश वाचू द्या. भूमिका वाटतानाच हे ध्यानात ठेवलं तर त्याला कंडक्टर देता येतो.

बोलताना अडखळणाऱ्या मुलाच्या बाबतीत विराम-गतीचे चार गुण बाजूला ठेवा आणि सोळापैकी मिळालेले वीसवर न्या. सोळापैकी बारा म्हणजे वीसपैकी पंधरा. संहितेत एखादी ओळ दोघांनी मिळून म्हणायची ठेवली तर अशी मुलं तिथे बऱ्याचदा सुरळीत वाचतात. दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोलताना अडखळणं कमी होतं. त्याची ओळ दुसऱ्यानं पूर्ण करायची नाही, शिक्षकांनी तर नाहीच.

सहावीत येऊनही जोडाक्षराशी झगडणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला लहान ओळी द्या पण वजनदार. आजीची भूमिका मुद्दाम तशी लिहिली आहे: शब्द थोडे, जोडाक्षरं मोजकी, अर्थ सगळ्यांत जास्त.

वर्गाला कामाला लावा

ऐकणाऱ्या मुलांना गुण द्यायला सांगू नका, दोस्तीचे गुण येतात. प्रत्येक गटामागे एकच प्रश्न, उत्तर चिठ्ठीवर: 'आजी खरं बोलत नाही हे तुला कोणत्या ओळीला कळलं?' ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ओळ ७ लिहिली तर त्यांना कंडक्टरनं सांगितलं. ओळ ४ किंवा ६ लिहिली तर आजीनं सांगितलं. समजेच्या गुणांची याहून चांगली पडताळणी नाही.

प्रतिक्रिया त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. एक ओळ जमलेली, एक ओळ पुन्हा करून पाहायची, बस्स. आणि ती दुसरी ओळ तिथल्या तिथे पुन्हा वाचून घ्या. सुधारली तर वाढीव गुण द्या. आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणारं मूल्यमापन, त्यासाठीच असतं.

नोंदवहीत

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिकचा भार सहावीला ५० टक्के, सातवी-आठवीला ४० टक्के. नाट्यवाचन 'तोंडी काम'मध्ये धरा किंवा 'उपक्रम, कृती'मध्ये, दोन्हीकडे नको. त्या साधनाला शाळेनं दहा गुण ठेवले असतील तर वीसचे निम्मे करा. अर्धा गुण उरला तर वर न्या.

वर्णनात्मक नोंदीत 'छान वाचतो', 'सुधारणा आवश्यक', 'आवाजात चढउतार हवा' हे तिन्ही शब्दप्रयोग बंद करा. त्याऐवजी: 'ओळ ४ मध्ये थांबून "बरं" खालच्या आवाजात घेतलं, आजीचं मन कळलं. ओळ ८ मध्ये पूर्णविरामाला थांबत नाही. ळ चा उच्चार घरच्या भाषेमुळे वेगळा, अर्थ बदलत नाही.' तीन वाक्यं पुरतात. पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना यातून कुठे सुरुवात करायची ते कळतं.

तोडीला जाणाऱ्या मुलांची प्रत आणि ही नोंद वेगळ्या पाकिटात ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये पोरगी परत आली की नवं काही घेण्याआधी तिच्या हातात तोच पुठ्ठा द्या आणि ओळ ४ वाचायला सांगा.